स्टेल्थ रॉक

स्टेल्थ रॉक ही ‘पोकेमॉन’ या व्हिडिओ गेम मालिकेतली रॉक टाइपची, म्हणजे दगड या प्रकारातली, एक चाल आहे. मालिकेच्या चौथ्या पिढीतले ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ हे गेम सप्टेंबर २००६ मध्ये जपानात आले, त्यांत ती पहिल्यांदा दिसली. ही चाल वापरली की समोरच्या संघाभोवती टोकदार दगड हवेत तरंगत राहतात. त्या क्षणी कुणालाही इजा होत नाही. त्यानंतर मात्र प्रतिस्पर्ध्याचा जो जो पोकेमॉन मैदानात उतरेल, त्याला ते दगड टोचतात आणि दगड काढून टाकेपर्यंत किंवा लढत संपेपर्यंत टोचतच राहतात.

हिचं महत्त्व कळायला पोकेमॉनची लढत कशी चालते ते आधी पाहावं लागतं. दोन्ही बाजूंना सहा-सहा पोकेमॉन असतात आणि एकेरी लढतीत एका वेळी एकेकच मैदानात असतो. समोरचा भारी पडतोय असं दिसलं, की आपला पोकेमॉन मागे घेऊन दुसरा पाठवायचा, याला खेळाडू ‘स्विच’ करणं म्हणतात. चांगला खेळाडू आणि नवखा खेळाडू यांच्यातला फरक बहुतेक वेळा या स्विचमध्येच दिसतो. स्टेल्थ रॉकने प्रत्येक स्विचवर पथकर बसवला. हा कर सगळ्यांना सारखा नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

रॉक टाइपचा मार ज्याला साधा लागतो, त्याचे एकूण एचपीच्या (जीवनशक्तीच्या गुणांच्या) एक अष्टमांश, म्हणजे १२.५ टक्के गुण जातात. रॉकपुढे जो दुप्पट कमकुवत, त्याचे २५ टक्के जातात आणि चौपट कमकुवत असेल तर तब्बल ५० टक्के. उलट निम्माच मार लागणाऱ्याचे ६.२५ टक्के, तर फायटिंग आणि स्टील असे दोन्ही टाइप असलेल्या लुकारिओचे जेमतेम ३.१२५ टक्के जातात. बचावाचा आकडा कितीही मोठा असला तरी या हिशेबात त्याला स्थान नाही, फक्त टाइप पाहिला जातो.

सर्वांत मोठा फटका बसला चॅरिझार्डला. पहिल्या पिढीपासूनचा हा लाडका पोकेमॉन फायर आणि फ्लाइंग अशा दोन टाइपचा, आणि दोन्ही टाइप रॉकपुढे कमकुवत. मैदानात पाऊल टाकताच त्याचं अर्धं आयुष्य संपतं. म्हणून चॅरिझार्ड खेळवणाऱ्यांनी एक बारीक युक्ती शोधली. १०० व्या लेव्हलला एचपीमध्ये पूर्ण २५२ इव्ही (सरावातून मिळणारे जादा गुण) घातले तर त्याचे एचपी ३६० होतात. दगडांनी दोनदा १८०-१८० घेतले की खेळ खलास. त्याऐवजी २४८ इव्हीच घालायचे. मग एचपी होतात ३५९. या विषम आकड्याचं निम्मं करताना गेम अपूर्णांक सोडून देतो, त्यामुळे दर वेळी १७९ जातात आणि दोनदा उतरूनही १ एचपी शिल्लक राहतो. त्या एका एचपीवर एक शेवटचा हल्ला करता येतो. संघ बांधताना एचपीचा आकडा सम की विषम हे बघण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना ती अशा हिशेबांतून लागली आहे.

ज्यांची सगळी मदार पूर्ण एचपीवर, त्यांचे हाल वेगळे. ड्रॅगनाइटची ‘मल्टिस्केल’ ही क्षमता एचपी पूर्ण असतानाच मार निम्मा करते, त्यामुळे एक दगड टोचला की ती निरुपयोगी. पूर्ण एचपी असताना एकाच घावात गारद होऊ न देणाऱ्या ‘फोकस सॅश’ या वस्तूचंही तसंच. शेडिन्जाला तर मुळात १ च एचपी असतो. त्याच्या ‘वंडर गार्ड’ क्षमतेमुळे बहुतेक हल्ले त्याला शिवतही नाहीत, पण ती या दगडांना अडवत नाही आणि तो उतरताक्षणी गारद होतो.

याआधी दुसऱ्या पिढीपासून ‘स्पाइक्स’ ही चाल होतीच. स्पाइक्स म्हणजे वाटेवर पसरलेले सराटे. तिसऱ्या पिढीपासून त्यांचे तीन थर देता येतात, पण जमिनीवर पाय न टेकणाऱ्या फ्लाइंग टाइपला ते लागत नाहीत. स्टेल्थ रॉकचा थर एकच असतो, त्यामुळे एकच खेळी खर्चून पूर्ण काम होतं, आणि दगड हवेत असल्याने उडणारेही सुटत नाहीत. इतक्या कमी मोबदल्यात इतकं देणारी चाल मालिकेत शोधून सापडायची नाही. त्यात भर म्हणजे चौथ्या पिढीत ती मिळायची सुरुवातीलाच: ओरबर्ग या खाणीच्या गावातल्या पहिल्या जिममध्ये, म्हणजे लढतीच्या आखाड्यात, तिथला प्रमुख रोर्क याला हरवलं की तो ही चाल शिकवणारी वस्तू, टीएम ७६, हातात ठेवायचा. कथा पूर्ण करण्यापुरतं खेळणारी मुलं ती पिशवीत टाकून विसरूनही जात, कारण कथेतले प्रतिस्पर्धी फारसे स्विच करतच नाहीत. माणसाविरुद्ध खेळायला बसल्यावर तिची खरी किंमत कळे.

स्पर्धात्मक खेळात त्या पिढीची सुरुवात ठरलेलीच असे. अझेल्फ किंवा एरोडॅक्टिल पहिला उतरवायचा, दगड पसरायचे, समोरच्याला ‘टॉन्ट’ने अडवायचं आणि मग तो पोकेमॉन गमावला तरी चालेल. स्कार्मोरीसारखा चिवट पोकेमॉन दगड पसरल्यावर ‘व्हर्लविंड’ने समोरच्याला जबरदस्तीने बदलायला लावायचा, म्हणजे दर वेळी नवा गडी दगडांवर आपटणार. चालीवर बंदी घाला, अशी मागणी अनेकदा झाली. माझ्या मते बंदी न घालणंच योग्य होतं. चॅरिझार्डवर अन्याय झाला हे खरं, पण दहा खेळी पुढचा विचार करायला या दगडांनी भाग पाडलं, आणि एकेरी लढतीतली खोली त्यातूनच वाढली.

दगड काढायचे उपाय हळूहळू वाढत गेले. ‘रॅपिड स्पिन’ ही चाल जुनीच, पण समोर घोस्ट टाइप असला की ती लागतच नाही. सहाव्या पिढीपासून ‘डिफॉग’ दोन्ही बाजूंचे दगड उडवून लावते, आपण पसरलेलेसुद्धा. एस्पिऑनची ‘मॅजिक बाउन्स’ क्षमता चाल पसरणाऱ्यावरच उलटवते आणि क्लेफेबलच्या ‘मॅजिक गार्ड’ला दगडांचं काही वाटत नाही. खरा बदल झाला तो २०१९ च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये. त्यांत आलेले ‘हेवी-ड्यूटी बूट्स’ घातले की दगड, सराटे काहीच लागत नाही. व्होल्करोनासारखे चौपट कमकुवत पोकेमॉन त्यामुळे निर्धास्त उतरू लागले. मात्र हाती एकच वस्तू देता येत असल्याने बुटांसाठी बाकी सगळ्यावर पाणी सोडावं लागतं, आणि समोरच्याने ‘नॉक ऑफ’ने बूट उडवले की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

अधिकृत जागतिक स्पर्धा दुहेरी लढतींच्या असतात. सहापैकी चारच पोकेमॉन उतरवायचे आणि थोड्या खेळींत निकाल, त्यामुळे तिथे दगड पसरायला कुणी खेळी वाया घालवत नाही. ‘लेजेंड्स: आर्सिअस’ने २०२२ मध्ये या चालीला थेट मार करणाऱ्या हल्ल्याचं रूप दिलं. त्याच गेममध्ये आलेल्या क्लीव्होरची ‘स्टोन अ‍ॅक्स’ पुढे ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायलेट’मध्ये मार करता करता दगडही पसरू लागली. त्या गेमांमधला घोल्डेंगो घोस्ट असल्याने रॅपिड स्पिन अडवतो आणि त्याच्या ‘गुड अ‍ॅज गोल्ड’ क्षमतेमुळे डिफॉगही त्याच्यावर चालत नाही. तो संघात असला की पसरलेले दगड सहसा शेवटपर्यंत जागचे हलत नाहीत.