दहा वर्षांचा आराखडा आधी हवाच?

मुंबईत धंदा काढू पाहणाऱ्या पोरांना हमखास ऐकवलं जातं: दहा वर्षांचा आराखडा तयार नसेल तर स्टार्टअपच्या भानगडीत पडू नका. हे काही खरं नाही. किराणा घरपोच देणाऱ्या झेप्टो ॲपचंच बघा. 2020 मध्ये मुंबईतच किराणाकार्ट नावाने सुरुवात झाली. माल जवळच्या वाणसामानाच्या दुकानातून उचलायचा नि घरपोच द्यायचा. पण दुसऱ्याच्या दुकानातला साठा आपल्या हातात नसतो. फळीवरचं तूप संपलंय हे ॲपला कसं कळणार? पुढे 2021 मध्ये स्वतःची छोटी गोदामं आली, नावही बदललं. किराणा झटपट पोचवायचा, ही दिशा तेवढी कायम राहिली. दूरदृष्टी ती हीच. एक्सेलमधले 2035 चे आकडे (तेही दरवर्षी दुप्पट!) कुणी फारसे मनावर घेत नाही.