मुक्तिसदनाआधीचा दुष्काळ

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागतं. निराधार बायकामुलींना आसरा देणारं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. संकटात प्रभूवरचा विश्वास माणसाला कसा उभा ठेवतो, हा विषय मराठी ख्रिस्ती घरात निघाला की रमाबाईंचं नाव येतंच. पण त्यांची गोष्ट सांगताना आपण फार घाई करतो. कलकत्त्यात मिळालेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, मग विलायत, बाप्तिस्मा, केडगाव. या सगळ्याच्या आधीची भूक सांगायची राहून जाते. माझ्या मते सुरुवात तिथूनच करायला हवी.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतलेला. तीर्थक्षेत्री पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर राहायचं, असा या कुटुंबाचा क्रम होता. होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं आणि दुष्काळ आला. मोलमजुरीची कुणाला सवय नव्हती, भीक मागायला जीभ वळत नव्हती. रानातला पाला आणि फळं खाऊन दिवस काढले. १८७४ साली वडील गेले आणि थोड्याच काळात आईही गेली. आईने शेवटी काहीतरी खायला मागितलं, तेव्हा रमाबाई शेजारच्या घरी गेल्या. तोंडातून शब्द फुटेना. बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा मिळाला, पण तो आणेपर्यंत आईत खाण्याचं त्राण उरलं नव्हतं. तिला उचलायला चार माणसं जमेनात. चौथा खांदा रमाबाईंनी दिला. उंची कमी पडली, म्हणून तिरडीची बाजू डोक्यावर घेतली. तेव्हा त्या १६ वर्षांच्या असतील.

पुढे थोरली बहीणही गेली. उरलेला भाऊ श्रीनिवास आणि त्या पायीच हिंडत राहिल्या. पंजाबात झेलमच्या काठी थंडी असह्य झाली, पांघरायला काही नव्हतं, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणून अंगावर वाळूच ओढून घेतली. १८८० साली भाऊ ढाक्यात वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं. १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. पदरात दहा महिन्यांची मनोरमा होती. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमान सापडलं होतं ते याच संसारात. ते त्यांनी आवडीने वाचलं, पण तेव्हा तरी गोष्ट तेवढ्यावरच थांबली.

पुढे इंग्लंडमध्ये वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींकडे (नन्सकडे) असताना त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं काम दाखवण्यात आलं. समाजाने ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांची तिथे मायेने काळजी घेतली जात होती. रमाबाई चकित झाल्या. अशा स्त्रियांना जवळ करणारा धर्म त्यांनी पाहिला नव्हता. हे का करता, असं विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बाप्तिस्म्याने सगळं निवळलं असं रमाबाई स्वतः म्हणत नाहीत. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या अनुभवकथनात, त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो त्यांना गवसला आठएक वर्षांनी. मधल्या काळात त्यांनी भगिनींशी आणि पाद्र्यांशी मोकळेपणाने वाद घातले, मांसाहार केला नाही, आणि गळ्यातल्या क्रूसावर लॅटिनच अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असंही विचारलं. अशी प्रश्न विचारणारी श्रद्धा मला फार मोलाची वाटते. पुढच्या दिवसांत ती मोडली नाही, त्याचं एक कारण हेही असावं.

ते दिवस लवकरच आले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. मुली ख्रिस्ती होतील या भीतीने १८९३ साली वादळ उठलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने कडक टीका केली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सदनाला पैसा पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळाची मदतही दहाच वर्षांपुरती ठरलेली. पुढची तजवीज म्हणून फळबागेसाठी केडगावला जमीन घेतली होती.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाई तिकडे निघाल्या. हाती पैसा नव्हता. पण उपाशी मुलीचा चेहरा कसा दिसतो हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. शेकडो मुली आणि विधवा त्यांनी आणल्या. त्यातच पुण्यात प्लेग शिरला, शहरात त्यांना ठेवता येईना, आणि केडगावच्या शेतात झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्तिसदन. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. रोजच्या भाकरीसाठी प्रार्थना व्हायची आणि दिवसभर शेत, हातमाग, तेलघाणा, छापखाना चालायचा. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघालं. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवत.

शेवटची वर्षं रमाबाईंनी पवित्र शास्त्राच्या भाषांतराला दिली. आधीचं मराठी भाषांतर खेड्यातल्या बाईला जड जातं, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. १९२१च्या जुलैमध्ये मनोरमाबाई गेल्या. संस्था जिच्या हाती सोपवायची, तीच लेक गेली. रमाबाईंनी भाषांतराचं काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. तो छापला मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांनी.