सायकलचा जड शिफ्टर हलका करणे

हँडलवरचा गियर-शिफ्टर ज्यांच्या अंगठ्याला, बोटांना किंवा मनगटाला जड जातो, त्यांच्यासाठी तो कमी जोरात चालेल असा करून देण्याचे काम. संधिवात, अर्धांगवायूनंतर राहिलेला अशक्तपणा, मनगटातली दबलेली नस, उतारवय अशी कारणे मोठ्यांमध्ये असतात. लहान मुलांचा पंजाच लहान असतो. मुंबईत या कामाला वेगळे नाव नाही. दुकानात जाऊन माणूस ‘गियर जड झालाय’ किंवा ‘गियर पडत नाही’ एवढेच सांगतो, आणि पुष्कळदा ‘मग एकाच गियरवर चालवा’ असा सल्ला घेऊन परततो. हा सल्ला चुकीचा आहे. ज्याचे हात थकलेत त्याचे गुडघेही बहुधा थकलेले असतात, आणि सिग्नलवरून निघताना किंवा केम्प्स कॉर्नरहून पेडर रोडचा चढ घेताना हलक्या गियरची गरज त्यालाच सर्वांत जास्त असते.

जोर कुठे खर्च होतो

साध्या गियरच्या सायकलीत शिफ्टर एक बारीक पोलादी वायर ओढतो. तिची जाडी १.१ किंवा १.२ मिमी असते. ही वायर आउटर नावाच्या आवरणातून मागच्या डिरेलरपर्यंत, म्हणजे चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागापर्यंत, जाते. डिरेलरला स्प्रिंग असते आणि ती वायरला सतत उलट ओढत राहते. नेहमीच्या रचनेत वायर ओढली की चेन मोठ्या दात्यावर (मागच्या मोठ्या चकतीवर) चढते, म्हणजे पायाला गियर हलका होतो; वायर सोडली की स्प्रिंग चेनला लहान दात्यावर आणते. थोडक्यात, चढ समोर दिसल्यावर जो गियर हवा असतो नेमका तोच टाकताना हाताला जोर द्यावा लागतो. ही दिशा उलटी करणारे डिरेलर शिमानो या जपानी कंपनीने ‘रॅपिड राइज’ नावाने काढले होते, पण ते मागे पडले.

स्प्रिंगचा ताण ठरलेला असतो. वाढते ते घर्षण, आणि ते वळणांमुळे वाढते. विहिरीच्या खांबाला दोर गुंडाळला की एकट्या माणसालाही जड ओझे धरून ठेवता येते; वायर आउटरच्या वळणातून जाते तेव्हा तोच नियम हाताच्या विरुद्ध काम करतो. घर्षणांक (वायर आउटरला किती अडते याचा आकडा) ०.१ आणि वळणांची बेरीज १८० अंश धरली, तर हाताला स्प्रिंगच्या ताणाच्या सुमारे १.४ पट ओढावे लागते. गंज आणि चिखलाने घर्षणांक ०.३ वर गेला, तर त्याच वळणांना सुमारे २.६ पट. वळणे दुप्पट झाली तर सहा पटींच्याही पुढे. वाढ बेरजेने होत नाही, गुणाकाराने होते. म्हणून एखादे अनावश्यक वळण काढले किंवा वायर स्वच्छ केली, की हाताला जाणवणारा फरक अपेक्षेपेक्षा पुष्कळ मोठा असतो.

मुंबईत वायर लवकर का अडते

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शहरात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि वरळी सी फेस, मरीन ड्राइव्ह, जुहू अशा किनारी भागांत वाऱ्याबरोबर खारही येतो. शिवाय सायकल घरात नसते. ती जिन्याखाली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा पत्र्याच्या अर्ध्या शेडमध्ये उभी असते. पाणी उघड्या वायरवरून ओघळत आउटरच्या तोंडाशी येते आणि आत शिरते. मागच्या डिरेलरपाशी आउटरचा जो शेवटचा वाकडा तुकडा असतो, तो सर्वांत खाली आणि मागच्या चाकाच्या चिखलाजवळ असल्यामुळे तिथे ते साचते. वायर बाहेरून चकचकीत दिसते, आणि त्या वीतभर तुकड्यात मात्र तपकिरी पेस्ट झालेली असते. दिवाळीच्या सुमारास पुन्हा सायकल काढणाऱ्याला वाटते की चार महिन्यांत हाताची ताकद गेली. अशा वेळी आधी तो तुकडा तपासावा.

दोष शोधण्याची रीत

कोणताही भाग विकत घेण्याआधी तीन गोष्टी वेगवेगळ्या करून पाहाव्यात. शिफ्टर सर्वांत लहान दात्याच्या गियरवर आणून डिरेलरवरचा वायरचा बोल्ट सैल करावा आणि वायर सोडवावी. एका हाताने वायरचे टोक हलके ताणून धरून दुसऱ्याने शिफ्टर चालवावा. आता डिरेलरची स्प्रिंग मध्ये नाही. तरीही शिफ्टर जड असेल तर दोष शिफ्टरमध्ये किंवा आउटरमध्ये आहे. वायर आउटरमध्ये हाताने पुढे-मागे सरकवली की या दोहोंतले कोणते ते कळते. मग डिरेलर हाताने आत ढकलून सोडावा. तो झटकन मागे आला पाहिजे. रेंगाळत आला तर त्याचे सांधे धुळीने धरले आहेत, आणि त्यांना घासून थेंबभर तेल लागते. चाचणीला दहा मिनिटे लागतात. ती न करता नवा शिफ्टर बसवणे म्हणजे अंधारात हात मारणे.

वायर आणि आउटर

बहुतेक सायकलींचे काम इथेच होते, आणि हे सायकलचे सर्वांत स्वस्त भाग आहेत. स्टेनलेस वायर घ्यावी. आउटर गियरचाच, साधारण ४ मिमी जाडीचा आणि आतून प्लास्टिकचे अस्तर असलेला घ्यावा. ब्रेकचा आउटर गुंडाळलेल्या तारेचा असतो, तो ओढीखाली दबतो. तो गियरला लावला की शिफ्टरची थोडी चाल वाया जाते आणि गियर अर्धवट पडतो. गल्लीतल्या दुकानात हाताशी असलेला ब्रेकचा आउटर सर्रास वापरला जातो, तेव्हा हे आपणहून सांगावे लागते. आउटर पक्कडीने कापला तर तोंड चेपते. वायर-कटरने सरळ कापून, दाभणाने अस्तराचे भोक मोकळे करून, टोपी बसवली की वायर मोकळी धावते. शेवटचा तुकडा फार आखूड ठेवला तर तीव्र वळण पडते. चार बोटे लांबी वाढवून वळण मोठे आणि सैल केले, तर एवढ्यानेही हाताला आराम पडतो. क्रँकच्या (पायडलच्या दांड्यांच्या) खाली वायर ज्या प्लास्टिकच्या खाचेतून जाते, तिथला चिखल खरवडायला विसरू नये.

पावसाळ्यात दर काही आठवड्यांनी वायर न सोडता साफ करता येते. मागचे चाक उचलून पायडल फिरवत चेन सर्वांत मोठ्या दात्यावर न्यावी, पायडल थांबवावे, आणि न फिरवता शिफ्टर सर्वांत लहान दात्यापर्यंत सोडावा. चेन जागची हलत नाही आणि वायर सैल पडते. फ्रेमवरच्या आधारांना फट असेल तर आउटर तिथून अलगद निघतो. तो सरकवून झाकलेली वायर पुसावी आणि शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा थेंब लावावा. जाड ग्रीस घालू नये, धूळ धरून त्याचा चिकट गोळा होतो. घरातले गोडे तेल हवेने घट्ट होऊन चिकटते. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठते, आणि जानेवारीतल्या मुंबईच्या पहाटेही पारा त्याच्या खाली असतो.

शिफ्टरचे प्रकार आणि हाताचे दुखणे

नेमका कोणता सांधा दुखतो हे विचारल्याशिवाय शिफ्टर सुचवू नये. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असलेल्याला अंगठ्याने ढकलायची दांडी नकोशी होते. त्याला मूठ पिळून चालणारा शिफ्टर बरा पडतो, कारण त्यात पूर्ण तळवा काम करतो. मनगट दुखणाऱ्याचे नेमके उलट. आपल्याकडच्या स्वस्त गियरच्या सायकलींवर आणि मुलांच्या सायकलींवर पिळायचाच प्रकार, बहुधा शिमानोचा रेवोशिफ्ट, आलेला असतो. शिकागोत १९८७ साली सुरू झालेल्या स्रॅम कंपनीचे पहिले उत्पादन असलेला ग्रिप शिफ्ट याच जातीचा. त्याची अडचण घामाची आहे. मुंबईच्या दमट हवेत रबर ओले होते, हात निसटतो आणि निसटू नये म्हणून माणूस मूठ आणखी घट्ट आवळतो. जुन्या ट्यूबची पट्टी कापून पिळायच्या भागावर ताणून चढवली की दोन फायदे होतात: पकड येते, आणि व्यास वाढल्यामुळे तेवढ्याच पिळाला कमी जोर लागतो. आतले प्लास्टिक कोरडे पडले असेल तर प्लास्टिकला चालणारे ग्रीस लावावे.

खालून दाबायच्या दांड्यांचा शिफ्टर जुना असला की आतले ग्रीस घट्ट होते आणि खटके अडतात. त्यात साफ करणारे द्रव सोडून, बरेचदा खटखट करून, मग पातळ तेल घातले की तो पुष्कळदा नव्यासारखा चालतो. त्याची जागाही पाहावी. क्लॅम्पचा बोल्ट सैल करून शिफ्टर बोटभर आत किंवा बाहेर सरकवला, थोडा फिरवला, की अंगठा ताणावा लागत नाही. आखूड पंजाच्या बायकांना आणि मुलांना दांडीपर्यंत अंगठाच पोचत नसतो, आणि दुकानात कोणी ते विचारत नाही.

हँडलच्या वर बसणारा जुन्या पद्धतीचा अंगठा-शिफ्टर मात्र वेगळ्याच कारणासाठी मोलाचा आहे. त्याची दांडी लांब आणि उघडी असते. बोटे वळत नसतील तर ती तळव्याच्या कडेने ढकलता येते. ठरलेले खटके असलेली पद्धत शिमानोने १९८४ साली रूढ केली. त्याआधीचे शिफ्टर नुसत्या घर्षणावर उभे राहत. तसा बिनखटक्यांचा शिफ्टर आजही मिळतो. नेमका गियर कानाने आणि पायाने जुळवावा लागतो, पण खटका ओलांडण्याचा झटका हाताला बसत नाही.

डावा हात

पुढच्या डिरेलरचा शिफ्टर डावीकडे असतो आणि तोच सर्वांत जड, कारण त्याला ताणलेली चेन बाजूला ढकलून मोठ्या चकतीवर चढवावी लागते. वायर बोल्टच्या चुकीच्या बाजूने आवळली तर तरफ बिघडते आणि जडपणा आणखी वाढतो. डिरेलर किती दूर सरकेल हे ठरवणारा मर्यादेचा स्क्रू जास्त आत गेला असेल तर दांडी शेवटी दगडासारखी अडते. हे दोन दोष आधी पाहावेत. पण मुंबईसाठी आणखी सोपा मार्ग आहे: डावा शिफ्टर काढूनच टाकावा. पुढच्या तीन चकत्यांपैकी फक्त ३८ दात्यांची मधली वापरली आणि मागे १४ ते २८ दात्यांचा संच असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक १.३६ पासून २.७ फेऱ्यांपर्यंत फिरते. शिवाजी पार्क, वांद्रे-कुर्ला संकुल, आरेतले रस्ते, उड्डाणपूल, या सगळ्यांना एवढे पुरते. एकवीस गियरचे सात राहतात आणि डाव्या हाताला ब्रेकखेरीज काम उरत नाही. अर्धांगवायूनंतर एकाच हाताची ताकद उरलेल्यांना याचा सर्वाधिक उपयोग होतो. एका लिव्हरने दोन्ही ब्रेक ओढण्याची सोयही त्यांच्यासाठी मिळते.

इतर पर्याय

मागच्या चाकाच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या नळकांड्यात) बंद असलेले गियर, जसे स्टर्मी-आर्चरचा तीन गियरचा हब किंवा शिमानोचा नेक्सस, पावसापासून सुरक्षित असतात आणि सायकल उभी असतानाही बदलता येतात. सिग्नलला अचानक थांबावे लागणाऱ्या अशक्त हाताच्या चालकाला ही मोठी सोय आहे. विजेवर चालणारे शिफ्टर, ज्यांत शिमानोने ड्युरा-एस डीआय२ २००९ साली बाजारात आणला, नुसते बटण दाबून चालतात. ओढायला वायरच नसते. किमतीमुळे ते थोड्यांच्याच आवाक्यात आहेत.

चालवताना

गियर बदलताना पायडल फिरते ठेवावे, पण त्यावरचा जोर क्षणभर काढावा. चेनवर ताण असताना ती दात्यावर चढत नाही आणि चालकाला वाटते की हाताचा जोर कमी पडला. एका वेळी एकच खटका. पुढचा सिग्नल लाल दिसताच, थांबण्याआधी, सायकल चालती असतानाच हलका गियर टाकून ठेवावा. मग हिरवा झाल्यावर मागच्या बसच्या हॉर्नमध्ये शिफ्टरशी झुंजावे लागत नाही.