कोसळणाऱ्या कर्नेलसाठी राखून ठेवलेली मेमरी

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स या सर्व्हरसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमची नववी आवृत्ती १६ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर नेहमीच्या पद्धतीने बसवली, तर त्यातील २५६ एमबी मेमरी यंत्र सुरू होतानाच बाजूला काढली जाते आणि यंत्र बंद होईपर्यंत कोणत्याही प्रोग्रामच्या हाती लागत नाही. डेटाबेसला मेमरी कमी पडली, प्रोग्राम एकामागून एक बंद पाडावे लागले, तरी या तुकड्याला कोणी हात लावत नाही. भौतिक मेमरीचा नकाशा दाखवणाऱ्या फाइलीत त्याच्यापुढे ‘क्रॅश कर्नेल’ एवढीच नोंद असते. हा तुकडा प्रत्यक्ष उपयोगी पडण्याची वेळ बहुतेक यंत्रांवर वर्षानुवर्षे येत नाही. तरीही ज्यांना मोठ्या संख्येने सर्व्हर सांभाळावे लागतात, ते ही जागा सोडायला सहसा तयार नसतात.

एखादा साधा प्रोग्राम चुकला, तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याला थांबवते, त्याच्या मेमरीची प्रत डिस्कवर ठेवते आणि बाकीचे यंत्र चालू राहते. कर्नेल हा मात्र ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आहे. मेमरीचे वाटप, डिस्कवरचे लेखन, नेटवर्क, प्रोसेसरची वेळ हे सगळे त्याच्याच हाती असते आणि त्याच्यावर देखरेख करणारे दुसरे कोणी नसते. स्वतःच्या आतील नोंदींमध्ये कर्नेलला दुरुस्त न करता येणारी विसंगती आढळली, की तो पुढे जाण्याचे नाकारतो. याला ‘पॅनिक’ म्हणतात. पडद्यावर काही ओळी उमटतात आणि यंत्र गोठते. त्या ओळींवरून चूक कोठे उघडकीस आली ते कळते, पण ती कोठे घडली हे कळेलच असे नाही. एखाद्या ड्रायव्हरने, म्हणजे एखादे उपकरण चालवणाऱ्या कर्नेलच्या भागाने, दहा मिनिटांपूर्वी दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत चार बाइट लिहिलेले असतात आणि त्या बाइटांवर विसंबून चालणारा निरपराध भाग आता कोसळतो. खरे कारण शोधायचे, तर त्या क्षणीची संपूर्ण मेमरी पाहावी लागते. ही मेमरी फाइलीत उतरवून घेणे म्हणजे क्रॅश डंप.

अडचण अशी, की डिस्कवर लिहिण्याचे काम कर्नेलच करतो आणि बिघडलेला आहे तोही कर्नेलच. जुन्या युनिक्समध्ये कोसळणारा कर्नेल आपली मेमरी स्वॅपच्या (मेमरी अपुरी पडल्यास वापरायच्या डिस्कवरील) जागेत लिहून ठेवत असे आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू झाले, की ‘सेव्हकोअर’ नावाचा प्रोग्राम ती प्रत तेथून उचलून नेहमीच्या फाइलीत ठेवत असे. ही पद्धत अनेक वर्षे चालली, कारण हार्डवेअर साधे होते आणि डिस्कचे ड्रायव्हर लहान होते. पण ज्याच्यावर संशय आहे त्यालाच पंचनामा लिहायला बसवण्याचा हा प्रकार होता. डिस्कचा ड्रायव्हरच बिघडला असेल, त्याला लागणारे कुलूप (एका वेळी एकालाच काम करू देणारी खूण) कोसळलेल्या प्रोसेसरने धरून ठेवले असेल किंवा कोठे लिहायचे याचा आकडाच खराब झाला असेल, तर डंप मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे, डंप स्वॅपऐवजी शाबूत माहितीवर लिहिला जाण्याचा धोका असतो. लिनक्समध्येही डिस्कवर किंवा नेटवर्कवरून डंप पाठवणारे अनेक प्रयत्न झाले. त्यांपैकी एलकेसीडी हा प्रकल्प बराच गाजला. २००२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तो मुख्य कर्नेलमध्ये घेण्यास नकार दिला आणि पुढील काही वर्षे हा प्रश्न ज्या त्या वितरकाच्या स्वतःच्या जोडकामावर राहिला.

तोडगा निघाला तो वेगळ्याच गरजेतून. एरिक बीडरमन यांनी ‘केएक्सेक’ नावाची सोय लिहिली होती. यंत्राच्या फर्मवेअरला, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या अंगभूत प्रोग्रामला, मध्ये न आणता चालू कर्नेलमधून थेट दुसऱ्या कर्नेलमध्ये उडी मारता यावी, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू करण्यात जाणारी मिनिटे वाचतील, हा तिचा हेतू. फर्मवेअर मध्ये येत नाही, याचा एक उपपरिणाम असा की मेमरी पुसली जात नाही. मग कोसळणाऱ्या कर्नेलने स्वतः काहीच लिहू नये, फक्त दुसऱ्या ताज्या कर्नेलच्या हाती यंत्र सोपवावे आणि त्याने पहिल्याची मेमरी निवांतपणे वाचावी, अशी मांडणी शक्य झाली. बंगळुरूच्या आयबीएममधील विवेक गोयल आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ यांनी बीडरमन यांच्यासह ‘केडंप’ नावाच्या या पद्धतीवरचा निबंध २००५ च्या ओटावा लिनक्स परिसंवादात मांडला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या २.६.१३ या आवृत्तीत केएक्सेक आणि केडंप दोन्ही मुख्य कर्नेलमध्ये दाखल झाले.

प्रत्यक्ष पॅनिकच्या क्षणी जे घडते, त्यात कर्नेलकडून जाणीवपूर्वक फार थोडे काम करवून घेतले जाते. कोसळणारा प्रोसेसर बाकीच्या प्रोसेसरांना नाकारता न येणारा इंटरप्ट पाठवून थांबवतो, प्रत्येकाच्या रजिस्टरांतील (प्रोसेसरच्या आतल्या कप्प्यांतील) आकडे ठरलेल्या जागी उतरवले जातात आणि नियंत्रण ‘पर्गेटरी’ नावाच्या छोट्याशा प्रोग्रामकडे जाते. दुसरे कर्नेल राखीव जागेत भरून ठेवतानाच त्याचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे मजकूर जराही बदलला तर बदलणारा आकडा, काढलेला असतो. पर्गेटरी तो ठसा पुन्हा काढून पडताळून पाहते आणि जुळला तरच पुढे जाते. मग दुसरे कर्नेल सामान्यतः एकाच प्रोसेसरवर सुरू होते आणि पहिल्या कर्नेलची सगळी मेमरी त्याला एका फाइलीच्या रूपात दिसते. ‘मेकडंपफाइल’ हा प्रोग्राम त्यातली रिकामी पाने (पान म्हणजे मेमरीचा ठरलेल्या आकाराचा, सहसा चार केबीचा, तुकडा), शून्यांनी भरलेली पाने, डिस्कवरून वाचून ठेवलेली आणि वापरकर्त्यांच्या प्रोग्रामांची पाने गाळतो, उरलेले दाबून लहान करतो आणि डिस्कवर किंवा दुसऱ्या यंत्रावर पाठवतो. एक टीबी मेमरी सेकंदाला एक जीबी या वेगाने जशीच्या तशी लिहायची म्हटली, तर सतरा मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ सर्व्हर बंद राहतो. म्हणून ही गाळणी महत्त्वाची.

आता मूळ प्रश्न असा, की ही जागा यंत्र सुरू होतानाच का राखायची? पॅनिकच्या वेळी रिकामी जागा शोधून दुसरे कर्नेल तेथे ठेवता येणार नाही का? पहिली हरकत उघड आहे: त्या वेळी मेमरीचे वाटप करणाऱ्या नोंदींवरच विश्वास उरलेला नसतो आणि कर्नेलची फाइल डिस्कवरून आणायची तर पुन्हा डिस्कचा ड्रायव्हर आलाच. दुसरी हरकत सलगतेची. दुसऱ्या कर्नेलला भौतिक पत्त्यांत सलग असलेला मोठा पट्टा लागतो. यंत्र काही तास चालले, की मोकळी मेमरी चार-चार केबीच्या पानांत इतकी विखुरते की शंभर-दोनशे एमबीचा अखंड पट्टा मिळेल याची खात्री राहत नाही. बूट होताना मात्र सगळे मैदान मोकळे असते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नेटवर्क कार्ड, डिस्क नियंत्रक यांसारखी उपकरणे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहितात. याला डीएमए म्हणतात. ‘पुढचे पॅकेट आले की या पत्त्यावर ठेव’ असे कर्नेलने कार्डाला आधीच सांगून ठेवलेले असते. कर्नेल कोसळला, हे कार्डाला कळत नाही. पॅकेट येत राहतात आणि कार्ड ती दिलेल्या पत्त्यांवर ठेवत राहते. सर्व उपकरणांना नीट थांबवावे, तर ते काम प्रत्येकाच्या ड्रायव्हरचे, म्हणजे पुन्हा त्याच अविश्वासू कर्नेलचे. अशा वेळी दुसरे कर्नेल पहिल्याच्या वापरातील जागेत सुरू केले, तर चालता चालता त्याच्या अंगावर कोणते तरी पॅकेट येऊन पडेल आणि तेही कोसळेल. राखीव तुकड्यातील एकही पत्ता बूट झाल्यापासून कोणत्याही उपकरणाला दिलेलाच नसतो, म्हणून शिस्तीने वागणारे उपकरण तेथे लिहीत नाही. शिवाय काही प्रोसेसरांवर दुसरे कर्नेल भरून झाल्यानंतर तो तुकडा पहिल्या कर्नेलच्या पत्त्यांच्या तक्त्यातून काढला जातो किंवा केवळ वाचनापुरता ठेवला जातो, म्हणजे भरकटलेल्या पॉइंटरलाही (चुकीचा पत्ता धरून बसलेल्या कर्नेलच्या नोंदीलाही) तेथे लिहिता येत नाही.

किती जागा राखावी, याला मात्र एकच एक उत्तर नाही आणि प्रशासकांची सर्वाधिक चिडचिड येथेच होते. बूट होताना कर्नेलला ‘क्रॅशकर्नेल’ या नावाने आकडा द्यावा लागतो. मेमरीच्या टप्प्यांनुसार वेगवेगळे आकडेही देता येतात. रेड हॅटची नववी आवृत्ती १ ते ४ जीबीला १९२ एमबी, ४ ते ६४ जीबीला २५६ एमबी आणि त्यापुढे ५१२ एमबी धरते. आधीच्या आवृत्त्यांत ‘ऑटो’ असे लिहून सुटका होत असे. नवव्या आवृत्तीत ते काढून टाकले आणि ते योग्यच झाले असे मला वाटते, कारण गरज एकूण मेमरीवर जेवढी अवलंबून असते, त्याहून अधिक दुसऱ्या कर्नेलला काय काय चालवावे लागते यावर असते. एका साध्या डिस्कवर डंप लिहायचा असेल तर थोडक्यात भागते. तीच डिस्क अनेक मार्गांनी जोडलेली असेल, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर डझनभर रांगांसाठी बफर मागत असेल किंवा एआरएम प्रोसेसरवर ६४ केबीची पाने वापरात असतील, तर तोच आकडा तोकडा पडतो. एनक्रिप्ट केलेल्या डिस्कचे उदाहरण तर बोलके आहे. लिनक्सवर डिस्क एनक्रिप्ट करण्याच्या लक्स या पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत पासवर्डपासून किल्ली बनवताना, चोराला अंदाज बांधणे महाग पडावे म्हणून, आर्गॉन२ ही पद्धत मुद्दाम भरपूर मेमरी वापरते. ही मेमरी एक जीबीपर्यंत जाऊ शकते. २५६ एमबीत कोंडलेल्या कर्नेलला ती कोठून मिळणार? त्यात पासवर्ड टाकायला रात्री दोन वाजता सर्व्हरपाशी कोणी नसते, हे वेगळेच. अलीकडे यावर उपाय म्हणून पहिल्या कर्नेलने तयार किल्लीच राखीव जागेतून दुसऱ्याकडे सोपवण्याची सोय झाली आहे.

एकूण मेमरीचा संबंध अगदीच नसतो असेही नाही. एक टीबी मेमरीत चार केबीची सुमारे २६ कोटी ८४ लाख पाने होतात. प्रत्येक पानासाठी कर्नेल ६४ बाइटची नोंद ठेवतो. दुसऱ्या कर्नेलने सगळी मेमरी आपली मानली, तर केवळ या नोंदींसाठी १६ जीबी लागतील. म्हणून त्याला फक्त आपल्या तुकड्यापुरतेच स्वामित्व दिले जाते आणि बाकीची मेमरी तो वाचू शकतो एवढेच. पण कोणती पाने गाळायची याची खूण मेकडंपफाइललाही ठेवावी लागते. पानामागे दोन बिट धरले, तरी एक टीबीला ६४ एमबी होतात. २०१२ च्या सुमारास या प्रोग्रामला मेमरीचे भाग पाडून एकेका भागावर फेऱ्या मारण्याची रीत शिकवली गेली आणि मोठ्या यंत्रांवरचा हा ताण हटला.

जागा किती, याइतकाच जागा कोठे हाही प्रश्न असतो. सुरुवातीच्या काळात ती १६ एमबीच्या पत्त्यापासून पुढे घेत आणि तेथे चालेल असे दुसरे कर्नेल वेगळे तयार करावे लागे. पुढे कोठेही ठेवता येणारे कर्नेल आले, तरी इंटेल पद्धतीच्या ६४ बिट यंत्रांवर ८९६ एमबीच्या आतच जागा शोधली जात असे. २०१३ मध्ये ४ जीबीच्या वरची जागा वापरण्याची मुभा मिळाली; पण काही उपकरणे ३२ बिटांपलीकडचा पत्ता समजूच शकत नाहीत, म्हणून वर मोठा तुकडा घेतला तरी खाली, निदान २५६ एमबीचा, दुसरा तुकडा आपोआप राखला जातो. जुन्या उपकरणांसाठीची ही पट्टी आजच्या नव्या कोऱ्या सर्व्हरवरही भरावी लागते.

५१२ जीबीच्या यंत्राला अर्धा जीबी गेल्याचे काही वाटत नाही. २ जीबीच्या आभासी यंत्राला मात्र १९२ एमबी म्हणजे नऊ टक्क्यांहून अधिक मेमरी आणि अशी शंभर यंत्रे एका सर्व्हरवर असतील, तर जवळजवळ १९ जीबी मेमरी कधी न येणाऱ्या प्रसंगाची वाट पाहत पडून राहते. चालू यंत्रावर राखीव तुकडा कमी करता येतो, तोही दुसरे कर्नेल त्यात भरलेले नसताना. वाढवता मात्र येत नाही. आयबीएमच्या पॉवर यंत्रांवर फर्मवेअरच मदतीला येते: पॅनिक झाल्यावर ते मेमरी जपून ठेवून यंत्र पूर्णपणे पुन्हा सुरू करते, उपकरणेही नव्याने सज्ज होतात आणि त्यामुळे डीएमएची धास्ती राहत नाही. पण अशी फर्मवेअर सगळीकडे नसते.

२०२५ मध्ये ६.१७ या आवृत्तीत आलेली सोय या दृष्टीने लक्षणीय आहे. तीत राखीव जागेचा मोठा भाग सीएमए नावाच्या, गरज पडल्यास सलग मोकळा करता येणाऱ्या मेमरीच्या विभागातून घेतला जातो. एरवी त्या विभागात वापरकर्त्यांच्या प्रोग्रामांची, म्हणजे हवी तेव्हा हलवता येणारी पाने राहू शकतात आणि कर्नेल कोसळल्यावर दुसरे कर्नेल त्यांच्यावर सरळ लिहीत जाते. ती पाने अर्थातच डंपमध्ये येत नाहीत. पण बहुतेक लोक वापरकर्त्यांची पाने तशीही गाळतात. त्यांतच पासवर्ड आणि खासगी मजकूर असण्याची शक्यता अधिक असल्याने ती न आलेलीच बरी. खरी जोखीम पुन्हा डीएमएचीच आहे, कारण या पानांत एखादे उपकरण त्या क्षणी लिहीत असू शकते. त्यावर विकासकांनी दुहेरी तोडगा ठेवला आहे. उपकरणांसाठी दीर्घकाळ जखडून ठेवायची पाने या विभागात येऊ दिली जात नाहीत आणि अल्पकाळची कामे संपावीत म्हणून पॅनिकनंतर दुसऱ्या कर्नेलकडे उडी मारण्यापूर्वी दहा सेकंद थांबले जाते. ही हमी जुन्या पद्धतीइतकी भक्कम नाही. तरी लहान आभासी यंत्रांसाठी मी हाच सौदा पत्करीन. ज्यांना डेटाबेसच्या प्रोग्रामची मेमरीही डंपमध्ये हवी, त्यांना मात्र तो परवडणारा नाही. शिवाय दुसरे कर्नेल आणि त्याची सुरुवातीची फाइलप्रणाली ठेवण्यापुरता कोणालाही न दिलेला लहान तुकडा याही पद्धतीत राखावाच लागतो.