मानसिक आजाराचा कलंक आणि उपचारांतील वांशिक विषमता

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीकडे भीतीने वा कमीपणाने पाहण्याची सामाजिक वृत्ती आणि निरनिराळ्या वांशिक गटांना मिळणाऱ्या मानसोपचारांतील तफावत, ह्या दोहोंच्या परस्परसंबंधाचा शोध घेणारे सार्वजनिक आरोग्यशास्त्रातील संशोधनक्षेत्र. ह्या विषयावरील बहुतेक साहित्य अमेरिकेची संयुक्त संस्थाने व ग्रेट ब्रिटन ह्या दोन देशांत निर्माण झाले आहे. त्यामुळे त्यातील वांशिक वर्ग व निष्कर्ष अन्यत्र जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

ह्या क्षेत्राचा प्रारंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. समाजशास्त्रज्ञ एर्व्हिंग गॉफमन यांच्या १९६३ मधील कलंकविषयक ग्रंथापासून तो मानण्याची प्रथा आहे. गॉफमन यांनी शारीरिक व्यंगाचा, चारित्र्यदोषाचा आणि वंश, राष्ट्र वा धर्म यांवरून येणारा, असे कलंकाचे तीन प्रकार मानले. मानसिक विकार दुसऱ्या प्रकारात व वंश तिसऱ्यात गेल्यामुळे दोन्ही कलंक एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतात तेव्हा काय घडते, हा प्रश्न त्यांच्या मांडणीत फारसा पुढे येत नाही. मोजमापाच्या दृष्टीने पाहिल्यास प्रारंभ आणखी मागे जातो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एमरी बोगार्डस यांनी १९२५ च्या सुमारास ‘सामाजिक अंतरा’ची मापनश्रेणी मांडली. परक्या गटातील माणसाला विवाहसंबंधाने नातलग, शेजारी, व्यवसायातील सहकारी किंवा देशाचा नागरिक म्हणून स्वीकाराल काय, असे तिच्यातील प्रश्न होते आणि तिचा मूळ हेतू वांशिक पूर्वग्रह मोजण्याचा होता. हीच पद्धत पुढे मनोरुग्णांविषयीच्या वृत्ती मोजण्यासाठी वापरली गेली. म्हणजे कलंकाच्या संशोधनाचे एक प्रमुख साधन वंशविषयक संशोधनातूनच आलेले आहे.

तथापि, वंश आणि मनोविकार यांची आकडेवारीने घातलेली पहिली मोठी सांगड अमेरिकेच्या १८४० च्या जनगणनेत आढळते, आणि ती सदोष होती. वेडसर व मतिमंद व्यक्तींची नोंद ह्या जनगणनेत वर्णानुसार झाली. तिच्या तक्त्यांवरून गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडील राज्यांत सुमारे १६२ कृष्णवर्णीयांमागे एक जण, तर गुलामगिरीच्या राज्यांत सुमारे १,५५८ मागे एक जण मनोविकारग्रस्त, असे प्रमाण काढण्यात आले. स्वातंत्र्य कृष्णवर्णीयांना मानवत नाही, असा अर्थ त्यातून लावला गेला आणि १८४४ मध्ये परराष्ट्रमंत्री जॉन कॅलहून यांनी गुलामगिरीच्या समर्थनार्थ त्याचा वापर केला. मॅसॅचूसेट्सचे वैद्य एडवर्ड जार्व्हिस यांनी आधी हे आकडे ग्राह्य धरले होते. गाववार तक्ते तपासल्यावर मात्र एकही कृष्णवर्णीय रहिवासी नसलेल्या गावांतही कृष्णवर्णीय वेडसर नोंदलेले आहेत, आणि वूस्टर येथे दाखवलेले असे १३३ जण हे वस्तुतः तेथील शासकीय मनोरुग्णालयातील श्वेतवर्णीय रुग्ण आहेत, असे त्यांना आढळले. किचकट तक्त्यातील रकान्यांची गल्लत हे ह्या चुकांचे मुख्य कारण असावे, असे मत अलीकडे मांडले गेले आहे आणि ते अधिक पटण्याजोगे आहे. परंतु चूक उघड होऊनही अधिकृत दुरुस्ती झाली नाही, ह्याचा खुलासा केवळ रकान्यांच्या घोळाने होत नाही. पळून जाणाऱ्या गुलामांना एक मनोविकारच जडलेला असतो, हे अमेरिकी वैद्य सॅम्युएल कार्टराइट यांचे १८५१ मधील प्रतिपादन ह्याच काळातील होय. वैद्यकाविषयी कृष्णवर्णीय समाजात आढळणाऱ्या अविश्वासाचा विचार करताना हा इतिहास वगळता येत नाही.

सैद्धांतिक बाजूने समाजशास्त्रज्ञ ब्रूस लिंक व जो फेलन यांची कलंकाची २००१ मधील व्याख्या आज सर्वाधिक वापरात आहे. नामाभिधान, साचेबद्ध प्रतिमा, ‘आपण’ व ‘ते’ अशी फारकत, दर्जाची घसरण आणि भेदभाव हे घटक एकत्र येतात, आणि तेही एका गटाच्या हाती सत्ता असताना, तेव्हा कलंक निर्माण होतो, असे ते मानतात. सत्तेच्या ह्या अटीमुळे वंशवाद व कलंक यांची चर्चा एकाच चौकटीत करणे शक्य झाले. समाजाने लावलेला कलंक आणि रुग्णाने स्वतःशी मान्य केलेला आत्मकलंक हा भेद मुख्यतः पॅट्रिक कॉरिगन यांच्या लेखनातून रूढ झाला.

‘विषमता’ ह्या संज्ञेचा प्रश्न अधिक तांत्रिक आहे. दोन गटांच्या उपचारांतील प्रत्येक फरक म्हणजे विषमता नव्हे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन ह्या संस्थेच्या २००३ मधील अहवालानुसार वैद्यकीय गरज व रुग्णाची पसंती यांमुळे पडणारा फरक वजा केल्यावर जे उरते, ती विषमता. ही व्याख्या आकडेमोडीत उतरवताना उत्पन्न, शिक्षण व विमा यांचे काय करावे, हा पेच उभा राहतो. संख्याशास्त्रीय समायोजनात हे घटक स्थिर धरले, तर दोन गटांतील अंतर बरेचदा कमी दिसते. पण कृष्णवर्णीय वा लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) रुग्णाकडे विमा नसण्याची शक्यता अधिक असणे हाच अन्यायाचा एक मार्ग असेल, तर तो स्थिर धरणे म्हणजे जे मोजायचे तेच गणितातून काढून टाकणे होय. टॉमस मॅग्वायर, मार्गारीटा आलेग्रिया व त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये केवळ आरोग्यस्थितीचे समायोजन करून आर्थिक-सामाजिक घटक मोकळे ठेवण्याची रीत सुचवली. मूळ व्याख्येशी ती अधिक प्रामाणिक आहे. रुग्णाच्या पसंतीचा प्रश्न मात्र तिनेही सुटत नाही, कारण पूर्वी अपमान झालेल्या दवाखान्यात पुन्हा न जाणे ह्याला पसंती म्हणणे कठीण आहे.

अमेरिकेतील पुराव्याचा मुख्य आधार २००१–०३ ह्या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणांचा आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात तीव्र नैराश्याची आयुष्यभरातील व्याप्ती (आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेल्यांचे प्रमाण) श्वेतवर्णीयांत १७·९ टक्के, तर आफ्रिकन-अमेरिकनांत १०·४ टक्के आढळली. परंतु आजार चिवटपणे टिकून राहण्याचे प्रमाण अनुक्रमे ३८·६ व ५६·५ टक्के होते. कमी जणांना होणारा, पण झाला की न हटणारा आजार, असे हे चित्र आहे. २००८ मधील एका अभ्यासात गेल्या वर्षभरात नैराश्य असूनही कोणताच उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण आशियाई गटात ६८·७, लॅटिनो गटात ६३·७, आफ्रिकन-अमेरिकनांत ५८·८ आणि लॅटिनोतर श्वेतवर्णीयांत ४०·२ टक्के होते.

ह्यात कलंकाचा वाटा किती, यावर मतभेद आहेत. सारा क्लेमेंट व सहकाऱ्यांच्या २०१५ मधील आढाव्यात १४४ अभ्यासांतील ९०,१८९ व्यक्तींचा समावेश होता. मदत मागण्यावर कलंकाचा विपरीत परिणाम होतो, पण तो अल्प ते मध्यम असतो आणि अडथळ्यांच्या क्रमवारीत कलंक चौथा येतो, असे त्यात दिसले. वांशिक अल्पसंख्याकांवर हा परिणाम तुलनेने अधिक होता. अल्पसंख्याक समाजच कलंक अधिक बाळगतात, हे मात्र सरसकट खरे नाही: २००६ मधील एका अमेरिकी अभ्यासात आफ्रिकन-अमेरिकन उत्तरदात्यांना मनोरुग्ण अधिक हिंसक वाटले, पण हिंसक कृत्याबद्दल मनोरुग्णांना दोष वा शिक्षा द्यावी, असे मानणाऱ्यांचे प्रमाण ह्या उत्तरदात्यांत कमी होते.

ब्रिटनमधील वाद वेगळ्या वळणाने जातो. तेथे उपचार न मिळण्यापेक्षा सक्तीने मिळण्याची चिंता मोठी आहे. इंग्लंडमध्ये २०१७–१८ साली मानसिक आरोग्य कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्यांचे दर लाख लोकसंख्येमागील प्रमाण श्वेतवर्णीयांत ७२ व कृष्णवर्णीयांत २८९ होते. लंडन, नॉटिंगहॅम व ब्रिस्टल येथील अभ्यासात आफ्रिकन-कॅरिबियन लोकांत छिन्नमनस्कतेचे (स्किझोफ्रेनियाचे) नवे रुग्ण श्वेत ब्रिटिशांच्या सुमारे नऊपट आढळले (२००६). हे निदानातील पूर्वग्रहाचे फळ आहे की आजारच अधिक आहे, हा वाद आहे. स्थलांतरितांतील अशी वाढ नॉर्वेजियन मानसोपचारतज्ज्ञ ओडेगार्ड यांनी १९३२ मध्येच मिनेसोटातील नॉर्वेजियनांत नोंदवली होती, पण आजाराकडे झुकणारेच अधिक स्थलांतर करतात, हे त्यांचे स्पष्टीकरण स्थलांतर न केलेल्या दुसऱ्या पिढीला लागू पडत नाही. मानसोपचारतज्ज्ञ स्वरन सिंग व टॉम बर्न्स यांच्या मते सर्व तफावत संस्थात्मक वंशवादाच्या, म्हणजे संस्थांच्या रीतींतच मुरलेल्या वांशिक भेदभावाच्या, माथी मारल्याने रुग्ण सेवेपासून आणखी दुरावतात. मानसोपचारतज्ज्ञ सुमन फर्नांडो आदींना हे मान्य नाही. नॉरिच येथील मनोरुग्णालयात कर्मचाऱ्यांनी दाबून धरलेले असताना १९९८ मध्ये मृत्यू पावलेल्या डेव्हिड बेनेट ह्या कृष्णवर्णीय रुग्णाच्या प्रकरणातील चौकशी समितीने राष्ट्रीय आरोग्यसेवेत संस्थात्मक वंशवाद असल्याचे म्हटले होते. आजार खरोखर अधिक असला, तरी सक्तीचे समर्थन त्यातून होत नाही, ही भूमिका अधिक सयुक्तिक वाटते.

उपायांबाबतचा पुरावा तुटक आहे. मानसिक आजार हा मेंदूचा विकार आहे, ही समजूत अमेरिकेत १९९६ ते २००६ दरम्यान वाढली, पण त्यासोबत कलंक घटला नाही. प्रौढांमध्ये आजाराचा अनुभव असलेल्या व्यक्तींशी प्रत्यक्ष संपर्क, तर किशोरवयीनांत शिक्षण अधिक परिणामकारक ठरते, असे २०१२ मधील एका संकलित (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करणाऱ्या) विश्लेषणात दिसले. सेवासंस्थांवर थेट जबाबदारी टाकणारी वंशसमतेची चौकट इंग्लंडच्या मानसिक आरोग्य सेवांना २०२३ पासून बंधनकारक करण्यात आली आहे.