जळक्या रानाचा वास बियांना कसा कळतो?

१८ एप्रिल २०२१ रोजी केपटाऊनमध्ये टेबल माउंटनच्या उतारावर वणवा पेटला. वाऱ्याबरोबर तो खाली विद्यापीठाच्या आवारात उतरला आणि तिथल्या जॅगर ग्रंथालयाचं जुनं वाचनदालन जळून गेलं. आफ्रिकेविषयीची दुर्मिळ पुस्तकं आणि कागदपत्रं गेली. ही हानी भरून न येणारी. पण अशा बातम्यांबरोबर आणखी एक ठराविक हळहळ येते: डोंगर उजाड झाला, झाडंझुडपं कायमची संपली. केपच्या बाबतीत ही दुसरी हळहळ चुकीच्या पत्त्यावर जाते.

आफ्रिकेच्या या दक्षिण टोकाला फेनबॉस नावाचं खुरटं, झुडपी रान आहे. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो आणि साधारण १० ते २० वर्षांतून एकदा सगळं पेटतं. या प्रदेशाचं क्षेत्रफळ सुमारे ९०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. तेवढ्यात फुलझाडांच्या जवळपास ९,००० जाती, आणि त्यांतल्या दोनतृतीयांशांहून जास्त जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. अशा रानाला आग लागू नये म्हणून जिवाचं रान केलं, तर झुडपं म्हातारी होऊन वठतात आणि त्यांच्या जागी नवीन येत नाहीत.

मला यातल्या एका झुडपाविषयी सांगायचं आहे. त्याचं शास्त्रीय नाव एरिका व्हर्टिसिलाटा. मराठीत त्याला नाव नाही, असायचं कारणही नाही. पुरुषभर किंवा त्याहून थोडी जास्त उंची, सुईसारखी बारीक पानं आणि फांदीच्या शेंड्याकडे वलयात लागलेली गुलाबी-जांभळट, नळीच्या आकाराची फुलं. ती नळी शिंजीर पक्ष्याच्या वाकड्या चोचीच्या मापाची. केपटाऊनच्या आग्नेयेला केप फ्लॅट्स नावाचा सखल, वाळूचा किनारी पट्टा आहे. त्यातल्या पावसाळ्यात ओलसर राहणाऱ्या जागा हे या झुडपाचं घर. नेमक्या त्याच पट्ट्यावर शहर पसरलं. भरीस भर म्हणजे फुलं सुंदर, त्यामुळे विकण्यासाठी ती तोडली जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही एरिका आपल्या मूळ जागेतून नाहीशी झाली.

मग १९८४ मध्ये प्रिटोरियाच्या प्रोटिया पार्क या सार्वजनिक बागेत तिचं एक झुडूप सापडलं. पुढे लंडनच्या क्यू उद्यानात आणि व्हिएन्नाच्या बेलव्हेडेअर राजवाड्याच्या संग्रहातही ती निघाली. व्हिएन्नातली झाडं अठराव्या शतकाच्या अखेरीस केपहून नेलेल्या रोपांच्या वंशातली मानतात. म्हणजे घरात निर्वंश झालेलं झुडूप परदेशात कुंडीमध्ये, माळ्यांच्या हातून छाट कलमाने पिढ्यान् पिढ्या टिकून होतं. केपटाऊनच्या कर्स्टनबॉश उद्यानातल्या लोकांनी ही कलमं गोळा केली आणि १९९४ पासून रोंडेफ्लेच्या राखीव क्षेत्रात ती पुन्हा लावायला सुरुवात केली.

इथे खरी अडचण सुरू होते. कलमाने वाढवलेलं झुडूप म्हणजे त्याच झाडाची नक्कल. जाती टिकायची तर वेगवेगळ्या झाडांचं परागण होऊन बी धरलं पाहिजे, ते वाळूत पडलं पाहिजे आणि त्यातून रोप आलं पाहिजे. एरिकाचं बी धुळीच्या कणाएवढं. त्यात साठवलेलं अन्न जवळपास नाहीच. उगवण्याची वेळ चुकली, वर दाट झुडपाची सावली असली, तर ते रोप आठवडाभरही तग धरणार नाही. म्हणून पाणी मिळालं तरी असं बी सहसा उगवत नाही. ते वाट बघतं. कसली वाट बघतं, हे १९९० पर्यंत कोणालाच नीट माहीत नव्हतं.

आगीनंतर रोपं उगवतात हे सगळ्यांना दिसत होतं. त्यामुळे श्रेय उष्णतेला दिलं जाई, राखेला दिलं जाई, जळक्या कोळशाला दिलं जाई. काही झाडांच्या बाबतीत ते बरोबरही आहे. बाभळीच्या कुळातल्या कठीण कवचाच्या बिया उष्णतेनेच तडकतात. पण केपमधलं ऑडोईनिया कॅपिटाटा नावाचं एक छोटं, दुर्मिळ झुडूप कशालाच दाद देत नव्हतं. डी लांगे आणि बाउचर या दोन संशोधकांनी शेवटी धूर वापरून पाहिला. हे काम कर्स्टनबॉशमध्ये पुढे ज्या पद्धतीने चालू राहिलं ती अगदी गावठी वाटावी अशी आहे: एका पिंपात ओला-सुका पाला जाळायचा, धूर लांब नळीतून नेऊन थंड करायचा आणि प्लास्टिकच्या तंबूत ठेवलेल्या, बी पेरलेल्या ट्रेवर सोडायचा. ना ज्वाळा, ना उष्णता, फक्त थंड धूर. आणि ऑडोईनिया उगवली. १९९० मध्ये हे प्रसिद्ध झालं, त्यानंतर फेनबॉसमधल्या जातींची रांगच लागली, त्यात कित्येक एरिका होत्या. १९९५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तिथल्या उगवायला अवघड अशा ९४ जातींवर धूर वापरला, तेव्हा ४५ जातींनी प्रतिसाद दिला. दोन खंड, वेगळी कुळं आणि किल्ली एकच!

पण धुरात हजारो रसायनं असतात. त्यांतलं कोणतं? याचा छडा लागायला आणखी १४ वर्षं गेली, आणि तो ज्या रीतीने लागला ती मला फार आवडते. ऑस्ट्रेलियातल्या गटाने रानातला पाला जाळणं सोडून प्रयोगशाळेतला गाळण कागद जाळला. गाळण कागद म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, त्यामुळे धुरातली गर्दी कमी झाली. तो धूर पाण्यात विरघळवायचा, त्यातले घटक वेगळे करायचे आणि प्रत्येक घटक लेट्यूसच्या ‘ग्रँड रॅपिड्स’ या वाणाच्या बियांवर तपासायचा. हे वाण अंधारात उगवत नाही, त्याला प्रकाश लागतो. धुरातल्या नेमक्या घटकाचा थेंब पडला की मात्र ते अंधारातही मोड काढतं. म्हणजे धुराचा वास ओळखणारं आयतं उपकरणच. अशी चाळणी लावत २००४ मध्ये एक छोटा रेणू हाती आला: आठ कार्बन, सहा हायड्रोजन, तीन ऑक्सिजन, दोन वलयं एकमेकांना चिकटलेली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या गटानेही स्वतंत्रपणे तोच रेणू शोधला. या कुळाला आता कॅरिकिन म्हणतात. त्याची मात्रा ऐकून थक्क व्हायला होतं. अब्जात एक भागापेक्षाही कमी पुरते. हिशेब केला तर एक ग्रॅम कॅरिकिन दहा लाख लिटर पाण्याला पुरून उरेल. उन्हाळ्याच्या शेवटी आग लागते, कॅरिकिन धुरातून वाळूवर बसतं आणि एप्रिल-मेमध्ये, तिथला हिवाळा जवळ येताना, पहिल्या पावसाने बियांपर्यंत झिरपतं.

आता बी हा निरोप वाचतं कसं? इथून पुढचा भाग जरा नेटाने वाचावा लागेल, पण सगळी गंमत इथेच आहे.

हे काम अराबिडोप्सिस या मोहरीच्या कुळातल्या, प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या तणावर झालं. त्याच्या पेशींत ‘काय-२’ नावाचं प्रथिन असतं. त्याला एक खोबण असते, आणि तिच्या तळाशी सेरीन, हिस्टिडीन आणि अ‍ॅस्पार्टेट या तीन अमिनो आम्लांचं त्रिकूट. असं त्रिकूट साधारणपणे रेणू तोडणाऱ्या विकरांमध्ये सापडतं. म्हणजे एके काळचं विकर इथे कान होऊन बसलं आहे. संदेश पोचला की काय-२ आपला आकार बदलतं आणि ‘मॅक्स-२’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. (कॅरिकिन जसंच्या तसं खोबणीत बसतं, की पेशी आधी त्यात थोडा बदल करते, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे.) ही जोडगोळी मग ‘स्मॅक्स-१’ या तिसऱ्या प्रथिनाला पकडते, त्यावर नष्ट करण्याची खूण चिकटवते आणि पेशीतली प्रथिनं मोडणारी यंत्रणा त्याचे तुकडे करते.

हे स्मॅक्स-१ काय करत होतं? अडवत होतं. लग्न ठरलं आहे, मांडव पडला आहे, पण रुसलेला काका दारातच बसून आहे, तसं. जिबरेलिन हे उगवणीचं संप्रेरक बनवायची सगळी तयारी बीमध्ये असते, पण स्मॅक्स-१ असेपर्यंत पुढे काही सरकत नाही. काका दारातून हलला की जिबरेलिन बनवणारी जनुकं कामाला लागतात आणि मूळ बाहेर येतं. म्हणजे धूर बीला ढकलत नाही, अडवणाऱ्याला बाजूला करतो.

आता खरा प्रश्न. अराबिडोप्सिसला आगीशी काय देणंघेणं? ते वणव्याच्या प्रदेशातलं झाड नाही. लेट्यूसही नाही. तरी दोघांकडे हा कान आहे. इतकंच नाही, तर काय-२ शेवाळांतही सापडतं, म्हणजे फुलझाडं जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून ते आहे. आणि ज्या अराबिडोप्सिसमधून ते काढून टाकलं, त्याची रोपं धुराचा काही संबंध नसतानाही बिघडतात: उजेडात असूनही अंधारातल्यासारखी लांबुळकी वाढतात. याचा अर्थ वनस्पतीच्या अंगातच काय-२ साठीचा एखादा रेणू तयार होत असणार आणि हा कान मुळात त्याच्यासाठी असणार. तो रेणू वर्षानुवर्षं शोधूनही हाती आलेला नाही. फेनबॉसच्या झुडपांनी वणव्यासाठी नवीन यंत्रणा शोधून काढली असं म्हणणं म्हणूनच बरोबर नाही. घरातला जुना कान होता, धुरातला एक रेणू योगायोगाने त्याला ऐकू गेला, आणि ज्यांच्या बिया तो ऐकू येईपर्यंत थांबायच्या आणि मग उगवायच्या, त्यांची पुढची पिढी वाचली.

या कानाचा दुसरा वापर आपल्या शिवारात दिसतो. हलक्या जमिनीतल्या ज्वारीच्या मुळांवर येणारा टारफुला शेतकऱ्यांना चांगला माहीत आहे. ज्वारीच्या मुळांतून स्ट्रायगोलॅक्टोन नावाची रसायनं पाझरतात, ती मुळांशी मैत्री करणाऱ्या बुरशीला बोलावण्यासाठी. टारफुल्याचं बी, तेही धुळीएवढंच, वर्षानुवर्षं मातीत पडून हाच निरोप चोरून ऐकतं. त्याच्या कुळात काय-२ च्या अनेक प्रती झाल्या आणि काही प्रती बदलून धुराऐवजी स्ट्रायगोलॅक्टोन ओळखू लागल्या. एरिका आगीची वाट बघते, टारफुला ज्वारीची.

आता थोडं अप्रिय. धुराने बी उगवतं हे कळलं की आपल्याकडे लगेच अग्निहोत्र-शेतीवाले सरसावतात: बघा, होमाच्या धुराचं महत्त्व विज्ञानाने मान्य केलं! विज्ञानाने गाळण कागदाच्या धुराचं महत्त्व मान्य केलं आहे. तूप, गोवऱ्या, मुहूर्त यांचा त्यात काडीचा संबंध नाही. ज्वारी, हरभरा, गहू ही पिकं तर नुसत्या पाण्याने उगवतात, कारण अडून बसणारं बी शेतकऱ्याने हजारो वर्षांपूर्वीच बाद केलं. शिवाय धूर जास्त झाला तर उगवण थांबते. त्यात उगवण रोखणारी रसायनंही असतात आणि २०१० मध्ये त्यांतलं एक ओळखलंही गेलं. कोकणातल्या भाजावळीचा या गोष्टीशी सांधा जुळवायचीही घाई नको. राब भाजल्याने तणाचं बी मरतं, राख मिळते, एवढं त्याचं स्पष्टीकरण पुरेसं आहे. आणि हे वाचून ‘वणवा लावला की गवत जोमाने येतं’ म्हणत कोणी सह्याद्रीच्या उताराला आग लावू नये. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणूस लावतो, तेही वर्षाआड, आणि तिथल्या झाडांच्या बियांना त्याची सवय नाही. फेनबॉससुद्धा इतक्या वरचेवर जळलं तर संपतं, कारण रोपाला वयात येऊन बी धरायला काही वर्षं लागतात.

केप फ्लॅट्सवर आज दोन्ही बाजूंनी ओढाताण आहे. एकोणिसाव्या शतकात उडती वाळू धरून ठेवण्यासाठी तिथे ऑस्ट्रेलियन बाभळी आणून लावल्या. त्यांचं कठीण बी आगीच्या उष्णतेने एरिकाच्या बरोबरीने उठतं आणि उंचीत सहज पुढे जातं. उरलेलं मूळ रान तुकड्यातुकड्यांत आहे. त्यातला एक नावाजलेला तुकडा केनिलवर्थच्या रेसकोर्सच्या मधोमध, सुमारे ५० हेक्टरांचा. १८८२ पासून घोडे त्याच्या भोवतीने पळत आहेत, म्हणून आत इमारत उभी राहिली नाही. तिथेही आता ही एरिका लावली आहे.

रोपवाटिकेत काम सोपं झालं आहे. कर्स्टनबॉशमध्ये धुराचा अर्क जिरवून सुकवलेल्या कागदाच्या चकत्या मिळतात. चकती पाण्यात टाकायची, बी त्यात भिजवायचं आणि पेरायचं. पण रानात हा जुगाड चालत नाही. दाट, म्हाताऱ्या झुडपांखाली धुराचं पाणी शिंपडलं तर बी उठेल, मात्र डोक्यावरची सावली तशीच राहील आणि ते धुळीएवढं बी चार दिवसांत संपेल. मोकळी जागा, ऊन आणि राखेतलं पोषण एकाच वेळी द्यायचं, तर रान प्रत्यक्ष जाळावंच लागतं: उन्हाळ्याच्या अखेरीस, वारा पडलेला बघून, चारी बाजूंनी घरं आणि रस्ते असताना.