पुणे महापालिकेचा उमेदवारी अर्ज: कोणते कागद अडतात आणि ते कधी काढायचे

महापालिकेची निवडणूक जाहीर झाली की अर्ज भरायला जेमतेम आठवडा मिळतो. 15 जानेवारी 2026 च्या मतदानासाठी ही मुदत 23 ते 30 डिसेंबर 2025 अशी होती, आणि त्यात नाताळ आणि एक रविवार. या आठवड्यात मिळू शकणाऱ्या कागदांवरून माणसं फारशी अडत नाहीत. अडतात ती महिनोन्‌महिने लागणाऱ्या कागदांवरून. पोटनिवडणूक असो किंवा पुढची सार्वत्रिक निवडणूक, लढायचं मनात असेल तर तयारी आचारसंहितेच्या कितीतरी आधी सुरू करावी लागते.

आधी एक गैरसमज दूर करू. महापौरपदासाठी जनतेतून अर्ज भरता येत नाही. नगरपरिषदेत नगराध्यक्ष थेट निवडून आले, त्यामुळे महापालिकेतही तसंच असेल असं अनेकांना वाटतं. महापौर मात्र निवडून आलेले नगरसेवकच आपल्यातून अडीच वर्षांसाठी निवडतात आणि त्या पदाचं आरक्षण सोडतीने ठरतं. त्यामुळे तुमचा अर्ज हा नगरसेवकपदाचाच. पुण्यात 41 प्रभाग आणि 165 जागा आहेत. 40 प्रभाग चार सदस्यांचे, एक पाच सदस्यांचा. अर्ज नुसत्या प्रभागाचा नसतो, त्या प्रभागातल्या अ, ब, क, ड वगैरेंपैकी ठरावीक जागेचा असतो. जागेचं अक्षर आणि आरक्षण राजपत्रातून तपासूनच लिहा. सर्वसाधारण जागेवर कोणीही, अर्थात महिलाही, उभं राहू शकतं.

वय 21 पूर्ण आणि महापालिकेच्या मतदार यादीत नाव, ही मूळ पात्रता. तुमचं नाव शहरातल्या कुठल्याही प्रभागात असलं तरी चालतं, पण ज्या प्रभागातून लढणार त्याच्या बाहेर असेल तर यादीचा प्रमाणित उतारा जोडावा लागतो. तुमचं नाव सुचवणारा सूचक आणि त्याला दुजोरा देणारा अनुमोदक मात्र लढायच्या प्रभागातलेच मतदार हवेत. प्रभागरचना बदलली की शेजारच्या सोसायटीतला माणूसही दुसऱ्या प्रभागात गेलेला असतो. म्हणून सही घेण्याआधी त्याचा यादीतला अनुक्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी बघा. यादीलाही तारीख असते: या निवडणुकीसाठी 1 जुलै 2025 ची विधानसभा यादी धरली होती, त्यानंतर नाव नोंदवलेल्यांना ना मतदान करता आलं, ना लढता.

आता सगळ्यात अवघड कागद, जात वैधता प्रमाणपत्र. राखीव जागेसाठी नुसता जातीचा दाखला पुरत नाही, पडताळणी समितीने दिलेली वैधता लागते. समिती पुरावा मागते तो जुन्या तारखांचा: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. या तारखेपूर्वीचा जातीचा उल्लेख असलेला कागद घरात क्वचितच सापडतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर शाळा सोडल्याचा दाखला कुठून आणणार? अशा वेळी मूळ गावच्या तहसील कार्यालयात गाव नमुना 14, कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुना सातबारा, फेरफार, खरेदीखत शोधावं लागतं. पुण्यात स्थायिक झालेल्या बीड, लातूर, सोलापूरकडच्या कुटुंबांना यासाठी गावाकडे हेलपाटे घालावे लागतात. मोडीतली नोंद असेल तर लिप्यंतर करून घ्यावं लागतं. हे काम आठवड्याचं नाही.

महिला उमेदवारांची इथे जास्त फरफट होते. जात वडिलांकडून धरली जाते, सासरकडून नाही. त्यामुळे पुरावे माहेरचे लागतात, दाखला माहेरच्या नावाने असतो आणि मतदार यादीत नाव सासरचं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र जोडून ही दोन नावं एकाच बाईची आहेत हे दाखवावं लागतं. पन्नास टक्के जागा महिलांना दिल्या, पण हे ओझं हलकं करायचं कोणी मनावर घेत नाही, याची चीड येते.

वैधता हातात नसेल तर एक वाट आहे. समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि निवडून आल्यापासून सहा महिन्यांत वैधता देण्याचं हमीपत्र जोडता येतं. पण पोच ही अर्ज भरण्याआधीची हवी. आणि सहा महिने म्हणजे सहाच महिने. मुदतीत वैधता न दिल्यामुळे कोल्हापुरातल्या नगरसेवकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. 2018 मध्ये न्यायालयाने ती मुदत बंधनकारकच ठरवली. समितीने उशीर केला, हे कारण ऐकलं जात नाही.

थकबाकीचं दुखणं वेगळं. मिळकतकर, पाणीपट्टी यांची बाकी नसल्याचा दाखला महापालिकेकडून घ्यावा लागतो. घर अजून वडिलांच्या नावावर असतं, भावाने एक वर्ष कर भरलेला नसतो आणि ते कळतं शेवटच्या दिवशी. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली, तिथे करआकारणीवर वाद आहेत. तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी अर्जाच्या तोंडावर भांडत बसू नका. हरकत लेखी नोंदवा, रक्कम भरा, पावती घ्या. शौचालय वापराचा दाखला, अनामतीची पावती आणि निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं, ही कामं तुलनेने लवकर होतात.

अपत्यांची अट थोडक्यात अशी: 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य जन्मलं असेल तर अपात्रता. मूल दत्तक दिल्याने संख्या कमी होत नाही. हे लपवून लढू नका. शेजारपाजारचे, शाळेचे, दवाखान्याचे कागद विरोधकाकडे तुमच्या आधी पोहोचलेले असतात.

शपथपत्रात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती द्यायची असते. एकही रकाना कोरा ठेवू नका. सांगण्यासारखं काही नसेल तर ‘निरंक’, आपल्याला गैरलागू असेल तर ‘लागू नाही’ असं लिहा. कोरे रकाने भरून द्यायला सांगूनही उमेदवाराने ते दिले नाहीत तर अर्ज फेटाळता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये स्पष्ट केलं आहे.

पक्षाकडून लढणाऱ्यांसाठी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचं पत्र. तो अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी मुदत संपण्यापूर्वी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडला पाहिजे. नेत्याच्या गाडीत असलेला फॉर्म म्हणजे नसलेला फॉर्म. एकाच जागेसाठी पक्षाने दोघांना फॉर्म दिले, तर आधीचं नाव रद्द केल्याचा स्पष्ट उल्लेख दुसऱ्यात आहे का ते वाचा.

छाननीला स्वतः जा, जमलं तर वकील न्या आणि मूळ कागदांची फाइल सोबत ठेवा. 2017 मध्ये मुंबईच्या प्रभाग 220 मध्ये दोन उमेदवारांना सारखी मतं पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लागला. लढत इतकी चुरशीची होऊ शकते, तेव्हा समोरचा तुमच्या अर्जातली एकही चूक सोडणार नाही. हरकत आली तर उत्तर लेखी द्या आणि अर्ज फेटाळला तर कारणांसह आदेशाची प्रत मागून घ्या. निवडणूक याचिकेला हीच प्रत लागते, आणि याचिकेची मुदत निकाल प्रसिद्ध झाल्यापासून फक्त दहा दिवस.

हरलात तरी तीस दिवसांत खर्चाचा हिशेब सादर करा. तो न दिल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं. हरलेले उमेदवार इथेच सर्वाधिक दुर्लक्ष करतात.